रून फॅक्टरी ४: आरपी संपतोय, बॉस मरत नाहीये, गेमच जुना झालाय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम भरपूर खेळून झालाय, सेलमध्ये रून फॅक्टरी ४ स्पेशल हा शेती आणि लढाई दोन्ही असलेला गेम घेतला, गेममधला पहिला वसंत संपत आलाय, शेत नीट आखून लावलंय, पण सकाळी पाणी घालून होईपर्यंतच आरपी (रून पॉइंट, म्हणजे काम करायची शक्ती) तळाला जातो, योकमिर जंगलाच्या टोकाला जो पहिला बॉस, म्हणजे मोठा राक्षस, आहे तो दोन-चार फटक्यांत लोळवतो, पैसे जमत नाहीत, आणि दिसायलाही सगळं जुनाट वाटतंय. तर खेळताना काही चुकतंय, का गेमच आता जुना झालाय, आणि हा सोडून सरळ मालिकेतला पाचवा घ्यावा का.

मी गेम डिझाईनमध्ये काम करतो, त्यातही मुख्यतः बॅलन्सिंग, म्हणजे खेळणाऱ्याने कशावर किती खर्च करायचा आणि त्याला काय परत मिळणार हे आकडे बसवायचं काम. शेतीवाले गेम डीएस या निन्टेंडोच्या हातातल्या कन्सोलच्या काळापासून खेळत आलोय आणि रून फॅक्टरी ४ तर नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम खेळायला लावतो, कारण एक सिस्टीम दुसरीत कशी गुंतवायची हे त्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार कमी ठिकाणी दिसतं. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, पण तुमचा प्रॉब्लेम नक्की सुटणारा आहे.

आधी खरा प्रश्न काय आहे ते बघू. तुमचा आरपी कमी पडत नाहीये, तुम्ही तो स्टारड्यूच्या एनर्जीसारखा वापरताय. स्टारड्यूमध्ये एनर्जीचा डबा ठरलेल्या मापाचा असतो, स्टारड्रॉप नावाचं दुर्मिळ फळ मिळालं तरच तो कायमचा मोठा होतो, त्यामुळे तिथे शहाणपणा कशात आहे तर काटकसरीत. कमी झाडं, स्प्रिंकलर लवकर, रात्री दोनच्या आत अंथरुणात. ही सवय बोटांत बसलेली असते आणि ती घेऊनच आपण सेल्फियात, म्हणजे इथल्या गावात, उतरतो. इथे गणित बरोबर उलटं आहे. इथे आरपीचा डबा खर्च केल्यानेच मोठा होतो. कुदळ मारली की शेतीचं स्किल वाढतं, झाड तोडलं की तोडण्याचं वाढतं, दगड फोडला की खाणकामाचं, मासे पकडले की मासेमारीचं, आणि प्रत्येक स्किलची लेव्हल वाढली की आरपी, एचपी (म्हणजे जीव), ताकद, अक्कल यातलं काही ना काही कायमचं वर सरकतं. त्यामुळे ज्याने आरपी वाचवला तो महिनाभर तिथेच राहतो आणि ज्याने रोज दोनदा रिकामा केला तो त्याच महिन्यात दुसराच माणूस होऊन जंगलात शिरतो. तुमचं नेमकं हेच झालंय.

आणि स्किल म्हणजे फक्त कामाचीच नाहीत बरं का. चालण्याचं स्किल आहे, झोपण्याचं आहे, खाण्याचं आहे, आंघोळीचं आहे, वस्तू उचलून फेकण्याचं सुद्धा आहे. विष बाधलं की विषाला तोंड देण्याचं स्किल वाढतं, सर्दी झाली की सर्दीचं, बेशुद्ध पडलात तर त्याचंही. माझ्या कामाच्या नजरेतून बघितलं तर ही फार उदार रचना आहे, खेळणाऱ्याचा एकही मिनिट फुकट जाऊ द्यायचा नाही असं ठरवून केलेली. गावात नुसतं हुंदडून लोकांशी गप्पा मारून आलात तरी चालण्याच्या लेव्हलमुळे थोडे मजबूत होऊनच परत येता. ज्यांना मेन्यूतली ती लांबलचक स्किलची यादी बघून दडपण येतं त्यांना मी एवढंच सांगतो की ती यादी लक्षात ठेवायची नसते, ती तुमच्या मागे चुपचाप हिशेब ठेवत असते.

आता याचा व्यवहार कसा करायचा. सकाळी उठलात, शेतात गेलात, पाणी घातलं, तण-फांद्या-दगड साफ केले, आरपी संपला. इथे तुम्ही बहुतेक दिवस संपला असं धरताय. पण ही दिवसाची पहिली फेरी आहे. इथून सरळ बेल हॉटेलात जायचं, थोडे पैसे देऊन आंघोळ करायची, आरपी परत येतो. मग जंगल किंवा मग पुन्हा शेत किंवा मासे, जे काय करायचं असेल ते. रात्री दोनला चक्कर येऊन पडण्याचा नियम इथे नाही, उशिरापर्यंत जागलात तर झोप पुरत नाही आणि आजारी पडायची शक्यता वाढते एवढंच. आरपी शून्यावर गेल्यावरही काम थांबत नाही, ते एचपीतून कापलं जायला लागतं, तिथे मात्र लक्ष ठेवा कारण शेतात कुदळ मारता मारता आडवे व्हाल आणि क्लिनिकमध्ये नॅन्सी आणि जोन्सच्या समोर डोळे उघडतील. तेही फार मोठं संकट नाही, थोडे पैसे जातात. पण पैसेच नाहीयेत अशी तुमची तक्रार आहे म्हणून सांगतोय.

हा सगळा आरपीचा खेळ असा का आहे हे समजायला मालिकेच्या सुरुवातीला जाऊया, कारण त्यातूनच तुमच्या बॉसचं उत्तर निघतं. पहिला रून फॅक्टरी २००६ मध्ये जपानमध्ये डीएसवर आला, तेव्हाच्या हार्वेस्ट मून या शेतीच्या गेममालिकेची कल्पनारम्य शाखा म्हणून. बनवला नेव्हरलँड या टोकियोच्या स्टुडिओने, ज्यांनी आधी लुफियासारखे पक्के आरपीजी (पात्राची ताकद वाढवत लढायचे गेम) केले होते, आणि प्रोड्यूसर होते मार्व्हलसचे योशिफुमी हाशिमोतो. म्हणजे शेतीची परंपरा एकाकडून आली आणि तलवारीचा हात दुसऱ्याचा. त्या पहिल्या गेममध्ये शेती घराबाहेर तर होतीच, पण गुहेतही होती. प्रत्येक गुहेचा ऋतू वेगळा, आत राक्षस फिरतायत, आणि मध्येच नांगरायला जमीन. तिथे पेरायचं, पीक तयार झालं की त्यातून रून, म्हणजे शक्तीचे गोळे, बाहेर पडायचे आणि ते अंगावर घेतले की आरपी भरून यायचा. म्हणजे खोल गुहेत लढत राहायचं असेल तर वाटेत शेत पिकवून ठेवलेलं असलं पाहिजे. शेत हेच रसदीचं ठाणं. मालिकेचं नाव तिथूनच सार्थ होतं, आणि मला आजही ती कल्पना या संपूर्ण प्रकारातली सगळ्यात देखणी कल्पना वाटते.

चौथ्यात गुहेतली ती शेती तशी राहिली नाही पण विचार तोच आहे. शेत हे लढाईसाठी आहे. तुम्ही शेताकडे पैशाचं साधन म्हणून बघताय, विक्रीच्या शिपिंग बॉक्समध्ये भराभर टाकताय, आणि मग जंगलात जुनीच तलवार आणि रिकामी पिशवी घेऊन जाताय. शेतातला माल आधी स्वयंपाकघरात गेला पाहिजे. जेवण हे इथे औषध पण आहे आणि लढायच्या आधी अंगात ताकद भरायचा उपायही आहे. शेती आणि लढाई एकमेकांत किती मिसळलेल्या आहेत याचा पुरावा पाहिजे असेल तर पुढे तुम्हाला तलवारीचं बी मिळेल, ढालीचं बी मिळेल, ते जमिनीत पेरायचं, पाणी घालायचं आणि तलवार उगवते. त्याहून पुढे डंजनचं, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या गुहेचं, बी आहे. पेरलंत की तुमच्याच शेतात डंजन उगवतं आणि आत शिरून लढता येतं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा बराच वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

बॉसबद्दल आता नीट. तुम्ही जिच्यापुढे अडकलाय ती अँब्रोशिया, फुलपाखरासारखी. बॉस अवघड लागला की बहुतेक लोक एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) गोळा करायला लागतात, तेच छोटे राक्षस पुन्हा पुन्हा मारत बसतात. लेव्हल वाढवून काम होतं पण हळू होतं आणि कंटाळा येतो. माझा अनुभव असा की या गेममध्ये अडलात तर दहातल्या आठ वेळा शस्त्र कमी पडतंय, माणूस नाही. शस्त्र विकत घेण्यापेक्षा बनवायचं आणि बनवून झालं की त्याच्यावर सामान चढवत न्यायचं, लेव्हल दहापर्यंत अपग्रेड करता येतं, आणि काय सामान टाकलं त्यावर काय वाढणार ते ठरतं. फोर्जिंगचं, म्हणजे शस्त्र घडवायचं, लायसन्स आधी काढावं लागतं, ते कसं ते पुढे सांगतो. रेसिपी शिकायला रेसिपी ब्रेड खायचा असतो, आणि तो ब्रेड तुमच्या स्किलच्या आसपासच्याच रेसिपी शिकवतो, म्हणून एकदम पन्नास ब्रेड घेऊन काही होत नाही, थोडं बनवा, थोडं शिका, परत बनवा. आणि एक गोष्ट विसरू नका, स्किलच्या मानाने अवघड वस्तू बनवायला गेलात तर आरपी प्रचंड खातो. इथे परत ते पहिलंच गणित येतं, मोठा डबा लागतो, आणि डबा शेतात मोठा होतो.

दुसरं, एकटे जाऊ नका. गावातली माणसं मैत्री थोडी वाढली की तुमच्याबरोबर जंगलात येतात. फोर्ते तर पेशानेच योद्धा आहे. रोज बोलायचं, अधूनमधून काही आवडीचं द्यायचं, इतकंच लागतं. राक्षसही पाळता येतात, त्यांना वस्तू द्यायची, आवडीची असली तर पटकन वश होतात, वूलीपासून लोकर, बफामूपासून दूध, आणि हेच प्राणी लढाईला पण येतात. या जगात राक्षस मरत नाहीत हेही लक्षात घ्या, तुम्ही हरवलेला राक्षस आरंभाच्या वनात परत जातो, जिथून आला तिथे. कथेत या गोष्टीला फार वजन आहे, त्याबद्दल यापुढे एक अक्षरही लिहिणार नाही, फक्त अँब्रोशियाला हरवल्यावर घाईघाईने बटणं दाबून संवाद उडवू नका.

तिसरं म्हणजे प्रत्यक्ष लढताना. बॉसच्या आधी सेव्ह पॉइंट असतो, तिथे सेव्ह करून आत जायचं आणि पहिल्या वेळी मारायचं नाहीच असं ठरवून जायचं. फक्त बघायचं. ती कधी थांबते, कधी उडते, हल्ल्याच्या आधी काय करते. मारण्याची जागा तिच्या हल्ल्यानंतरच्या छोट्याशा खंडात असते, आणि लांब तलवार घेतलीत तर तुमचाच वार लांबतो आणि तुम्ही तिथेच अडकून फटका खाता. सुरुवातीला छोटी तलवार किंवा दोन हातातल्या दोन तलवारी बऱ्या पडतात, त्यांचे वार झटपट होतात आणि मध्येच सटकता येतं. भाला, हातोडा, काठी, नुसत्या मुठी, सगळं वापरून बघण्यासारखं आहे पण पहिला बॉस ती प्रयोगाची जागा नाही.

शेताकडे परत येतो कारण इथे तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला खटकली. शेत सगळंच्या सगळं एका पिकाखाली लावलंय आणि काढलं की लगेच तेच परत. या गेममध्ये जमीन थकते. प्रत्येक चौकोनाला स्वतःचं आरोग्य असतं, पीक काढत राहिलात की ते उतरतं, आणि उतरलेल्या जमिनीत पीक रखडतं, मग तुम्हाला वाटतं गेम स्लो आहे. भिंग विकत घ्या आणि मातीवर धरा, सगळे आकडे दिसतात. मग उपाय करा, खताच्या डब्यात वाळलेलं गवत टाकत राहा, काही चौकोन पडीक ठेवा, आणि उन्हाळ्यात मका लावून तो तयार झाल्यावर काढायचा नाही, कुदळीने जमिनीतच गाडायचा. जमिनीचं आरोग्य झटकन वर येतं. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, आपल्याकडे ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमाराला गाडतात ते याचसाठी. एका जपानी कल्पनारम्य गेमने हिरवळीच्या खताची गोष्ट इतकी सरळ आत घेतली आहे याचं मला मनापासून कौतुक आहे, आणि बहुतेक खेळणाऱ्यांना ती कळतसुद्धा नाही कारण गेम ती मोठ्याने सांगत नाही.

विळ्याचं पण असंच. तयार पीक हाताने उपटलं तर पीक मिळतं, विळ्याने कापलं तर त्याचं बी मिळतं, आणि विळा चांगला असेल तर वरच्या लेव्हलचं बी. म्हणून प्रत्येक पिकातली दोन-तीन झाडं बियाण्यासाठी राखून ठेवायची, बाकी खायला आणि विकायला. ऋतूबाहेरचं पीक इथे स्टारड्यूसारखं पहिल्या तारखेला मरून पडत नाही, फक्त हळू वाढतं, त्यामुळे ऋतू बदलायच्या आदल्या दिवशी जी धावपळ करायची सवय आहे ती सोडून द्या. ऋतू तीस दिवसांचा आहे, अठ्ठावीसचा नाही, हेही ध्यानात ठेवा. वादळ मात्र खरं असतं. आलं की शेताची वाट लागते, त्यामुळे उन्हाळ्यात सगळी पुंजी जमिनीत अडकवू नका, थोडं बियाणं कायम पेटीत.

आता ते पैसे आणि लायसन्स. तुमच्या लिहिण्यात एलिझाचं नाव कुठेच नाही, त्यावरून माझा अंदाज आहे की तुम्ही तिच्याकडे फारसं जात नाही. एलिझा म्हणजे ती बोलणारी विनंत्यांची पेटी. ती छोटी छोटी कामं देते, अमुक पेर, तमुक बनव, एक राक्षस वश करून दाखव, आणि लोकांना वाटतं ही साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरचं काम, आहे, नंतर करू. ती साइड क्वेस्ट नाहीये, तीच या गेमची शाळा आहे. अवजारं, बियाणं, नव्या गोष्टींची ओळख सगळं तिच्याकडून येतं. दुसरीकडे कथेत तुम्ही राजपुत्राच्या जागी बसलाय म्हणून तुम्हाला पॉइंट मिळतात, काम करून, उत्सवात भाग घेऊन, माल पाठवून, आणि ते पॉइंट खर्चून ऑर्डरी, म्हणजे राजपुत्राचे हुकूम, काढायच्या. स्वयंपाकाचं लायसन्स, फोर्जिंगचं लायसन्स, राक्षसांसाठी गोठा, पिशवीत जास्त जागा, हे सगळं तिथे आहे. म्हणजे गेमची निम्मी दारं तुम्ही अजून उघडलेलीच नाहीत आणि बंद खोलीत बसून गेम लहान आहे म्हणताय. माझा सल्ला, पुढचे काही दिवस जंगल विसरा. सकाळी शेत, मग एलिझा, मग आंघोळ, मग परत एलिझाचं काम. आधी फोर्जिंग आणि स्वयंपाक, मग गोठा, बाकी सगळं त्यानंतर. प्राण्यांची मैत्री वाढली की ते शेतात पाणी घालायला, पीक काढायला लागतात, आणि त्या दिवसापासून तुमची सकाळ मोकळी होते. स्टारड्यूमध्ये स्प्रिंकलर लागल्यावर जसा श्वास घेता येतो ना, अगदी तसंच, फक्त इथे स्प्रिंकलरला नाव ठेवता येतं आणि तो तुमच्या मागे डंजनमध्ये येतो.

इथपर्यंतचं एका ओळीत सांगायचं तर आरपी रोज संपवा, आंघोळीने भरा, एलिझाची कामं करा, ऑर्डरीतून लायसन्स काढा, शस्त्र बनवा, सोबत कुणालातरी घ्या आणि मग अँब्रोशियाकडे जा.

जुना दिसतो या तक्रारीवर मी वाद घालणार नाही, कारण तो जुना आहेच. २०१२ मध्ये जपानमध्ये आला, २०१३ मध्ये अमेरिकेत, डीएसनंतरच्या थ्रीडीएसच्या छोट्या पडद्यासाठी बनवलेला, वरून बघणारा कॅमेरा आणि गुबगुबीत छोटी माणसं. निन्टेंडो स्विचवर स्पेशल आला २०१९ ला जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी बाहेर, पीसीवर २०२१ च्या शेवटी, चित्रं धारदार झाली, लग्नानंतरचे काही प्रसंग आणि एक कठीण लेव्हल वाढवली, पण मूळ हाडं तीच. मोठ्या टीव्हीवर खेळत असाल तर जमिनीचे पोत उघडे पडतात, हातातल्या स्क्रीनवर किंवा लॅपटॉपच्या छोट्या खिडकीत बराच सुसह्य वाटतो. हे ज्याचं त्याचं असतं. काही लोकांना जुन्या चित्रांचा खरंच त्रास होतो आणि त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये.

पण दिसण्यापेक्षा खरी जुनी वाटणारी गोष्ट दुसरी आहे आणि ती आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर चिडचिड होणार नाही. गावातले प्रसंग नशिबावर चालतात. रात्री झोपलात की गेम आतल्या आत चिठ्ठी काढतो आणि सकाळी कुणाचा तरी प्रसंग सुरू होतो किंवा होत नाही. नुसत्या गमतीच्या गोष्टींना हे छान आहे, पण लग्नासाठी लागणारे प्रसंग आणि कथेचा तिसरा भाग सुरू व्हायचा प्रसंगही त्याच चिठ्ठ्यांत आहे. लोक आठवडेच्या आठवडे वाट बघतात. डिझायनर म्हणून मला हा निर्णय चुकीचा वाटतो, मुख्य कथेचं दार नशिबाच्या हवाली करायचं नसतं. उपाय जुनाच आहे, झोपायच्या आधी सेव्ह करायचं, सकाळी काही झालं नाही तर लोड करून परत झोपायचं. यात कसलीही चोरी नाही, बिनधास्त करा.

आणि एवढं सगळं सांगून मी तरी हा गेम का धरून बसलोय, तर गावामुळे. तुम्ही आकाशात उडणाऱ्या जहाजातून खाली पडता ते थेट ड्रॅगनच्या अंगावर, आणि लोक तुम्हाला राजपुत्र समजतात. खरा राजपुत्र आर्थर येतो तेव्हा तो म्हणतो तूच कर काम, मला बरं पडेल. ती ड्रॅगन, व्हेंटुसविल, सुरुवातीला देवासारखी भारदस्त बोलते आणि नंतर कळतं हिचा जीव पॅनकेकमध्ये अडकलाय. क्लोरिका चालता चालता झोपते. व्होल्कॅनॉन बटलर म्हणून किल्ला हलवून टाकेल इतक्या आवाजात रडतो. पोर्कोलीन गिऱ्हाईकासाठी केलेलं स्वतःच खाऊन टाकतो. हे ऐकायला कार्टूनसारखं वाटतं पण रोज त्यांच्याशी बोलून बघा, वाक्यं बदलतात, काल गावात काय झालं त्यावर ते आपसात बोलतात, एकाची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कळते. स्टारड्यूत माणसं मला आवडतात पण दुसऱ्या वर्षी त्यांची वाक्यं पाठ होतात. सेल्फियात मी अजूनही सगळ्यांशी बोलल्याशिवाय दिवस पुढे ढकलत नाही. सहा मुली आणि सहा मुलगे लग्नासाठी आहेत, कुणाशी करायचं ते सांगणार नाही, पण पहिल्या आठवड्यात ठरवू नका, यातले काही तर तुम्हाला अजून भेटलेलेच नाहीत.

हे सगळं ज्यांनी बनवलं तो नेव्हरलँड स्टुडिओ २०१३ च्या शेवटी बंद पडला. अमेरिकेत गेम येऊन काही महिनेच झाले होते. युरोपात येणारी आवृत्ती त्यामुळे रद्द झाली होती, ती शेवटी मार्व्हलसनेच २०१४ च्या डिसेंबरात डिजिटल काढली. चौथ्यात जी एक भरगच्च, काहीही मागे न ठेवता ओतून टाकलेली श्रीमंती आहे, ती बघताना मला नेहमी हे आठवतं. इतक्या लहान पडद्याच्या गेममध्ये इतक्या सिस्टीम एकमेकांना न पाडता उभ्या करायला किती माणसांची किती वर्षं लागतात ते मी रोज कामावर बघतो.

पाचवा घ्यावा का, तर आत्ता नाही. पाचवा २०२१ मध्ये आला, कॅमेरा माणसाच्या मागे गेला, जग पूर्ण थ्रीडी झालं, शेत ड्रॅगनच्या पाठीवर करता येतं ही कल्पना सुंदर आहे. पण मोठ्या मैदानात गोष्टी लांब लांब पसरल्या, स्विचवर तो अडखळतो, आणि चौथ्यात दार उघडलं की दुकान, दुकानातून बाहेर की शेत, ही जी दाटी होती ती गेली. पीसीवर घेणार असाल आणि वरून बघणारा कॅमेरा अजिबातच सहन होत नसेल तर विचार करा. नुसतं नवं आणि सुंदर काहीतरी पाहिजे असेल तर २०२५ चा गार्डियन्स ऑफ अझुमा बघा, तो दिसायलाही छान आहे आणि गावं उभी करायची त्याची पद्धत वेगळी आहे, तिथे आरपीची ही जुनी शिस्त शिकलेली नसली तरी अडत नाही. पण तुम्ही चौथा आधीच विकत घेतलाय, आणि तुमची अडचण मला गेम न आवडण्याची नाही, तर गेम अजून सुरूच न झाल्याची वाटते.

तुम्ही कुठलं शस्त्र वापरताय आणि फोर्जिंगचं लायसन्स काढलंय का ते लिहिलं नाहीये. तेवढं सांगा, शिवाय जंगलात आत्तापर्यंत काय काय सामान गोळा केलंय तेही, म्हणजे त्यातून आत्ता लगेच काय बनवता येईल ते नेमकं सांगता येईल.